टचस्क्रीन अडखळते, चुकते, मागे पडते: कपॅसिटिव्ह टच सर्किटविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत आमचं छोटं युनिट आहे. डाळमिल, जिनिंग आणि मोंढ्यातल्या वजनकाट्यांसाठी कंट्रोल पॅनेल बनवतो. बटणं गेली, टचस्क्रीन आले आणि फोन वाढले. लातूरहून एका आडतवाल्या मामांचा फोन होता, "सायब, बोट इथं ठेवलं की आकडा तिथं पडायलाय." खाली त्याच फोनांमधले प्रश्न आहेत. काही प्रश्न आमच्याकडे प्रोजेक्टसाठी येणाऱ्या डिप्लोमा-इंजिनिअरिंगच्या पोरांचे आहेत, त्यामुळे मध्येमध्ये आकडेमोड येईल.

बोट लावल्यावर सर्किट नेमकं काय मोजतं?

काचेखाली आडव्या-उभ्या पारदर्शक पट्ट्यांची जाळी असते. पट्ट्या बहुधा इंडियम टिन ऑक्साइडच्या, म्हणजे आयटीओच्या. एका दिशेच्या पट्ट्यांवर सर्किट पल्स सोडतं, त्या ड्राइव्ह पट्ट्या. दुसऱ्या दिशेच्या पट्ट्यांवर पोचलेला चार्ज मोजतं, त्या सेन्स पट्ट्या. जिथे दोन्ही एकमेकींना ओलांडतात तिथे साधारण १ ते ३ पिकोफॅरडचा कपॅसिटर, म्हणजे चार्ज साठवणारी जोडी, तयार होतो. बोट जवळ आलं की त्यातला थोडा चार्ज शरीराकडे वळतो आणि सेन्स पट्टीवर कमी पोचतो. ही घट पिकोफॅरडच्या काही दशांशांएवढी असते. अख्खा खेळ एवढ्याशा घटीचा आहे.

याला म्युच्युअल पद्धत म्हणतात. दुसरी सेल्फ पद्धत. तिच्यात प्रत्येक पट्टीची जमिनीच्या, म्हणजे सर्किटच्या ग्राउंडच्या, सापेक्ष कपॅसिटन्स (चार्ज साठवण्याची क्षमता) मोजतात आणि बोटाने ती वाढते. सिग्नल दणकट मिळतो, पण दोन बोटं टेकली की दोन आडव्या आणि दोन उभ्या पट्ट्या हलतात. त्यांच्या चार छेदांपैकी खरे दोन कोणते, हे सर्किटला सांगता येत नाही.

जाता जाता: कपॅसिटिव्ह टचस्क्रीनचं वर्णन ब्रिटनच्या रडार संस्थेतल्या ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ मध्ये हवाई वाहतूक नियंत्रणासाठी केलं आणि १९७० च्या दशकात सर्न या युरोपीय अणुसंशोधन संस्थेच्या कंट्रोल रूममध्ये असे पडदे बसले. म्हणजे हे तंत्र मूळचं कंट्रोल पॅनेलचंच. खिशात ते फार उशिरा आलं.

माझं बोट स्क्रीन लगेच ओळखते, वडिलांचं ओळखत नाही. असं काहून?

औत-कुळव, विळा-खुरपं धरून बोटांना घट्टे पडलेले असतात. मेलेली कातडी कोरडी आणि जाड असते, त्यामुळे वाहक भाग काचेपासून लांब राहतो. कपॅसिटन्स अंतराच्या उलट प्रमाणात बदलते, म्हणून सिग्नल घटतो. उन्हाळ्यात कातडी आणखी कोरडी पडते. वडिलांनी बोटाच्या शेंड्याऐवजी पेराचा मऊ भाग टेकवला तर फरक दिसेल, कारण क्षेत्रफळ वाढतं.

पॅनेल बनवणाऱ्याने मात्र हा दोष वडिलांच्या माथी मारू नये. आमच्या टेबलावर मऊ बोटांनी चाचणी करून पास केलेलं पॅनेल गावात नापास झालेलं मी पाहिलं आहे. आता चाचणीला हमालांना आणि मापाड्यांना बोलावतो.

"वेग" म्हणजे रिपोर्ट रेट ना?

अर्धंच बरोबर. सेकंदाला किती वेळा जागा कळवली जाते तो रिपोर्ट रेट. ६० हर्ट्झला दर १६.७ मिलिसेकंदांनी, १२० ला ८.३ मिलिसेकंदांनी. पण बोट हलल्यापासून चित्र हलेपर्यंतचा एकूण उशीर वेगळा. त्यात स्कॅन, गणित, फिल्टर, बसवरून डेटा पाठवणं, सॉफ्टवेअर आणि डिस्प्ले सगळे आपापला वाटा घेतात. रेट १२० आणि उशीर ८० मिलिसेकंद असंही होतं. मायक्रोसॉफ्ट रिसर्चने २०१२ मध्ये १०० मिलिसेकंदांपासून १ मिलिसेकंदापर्यंतचा उशीर शेजारी शेजारी दाखवला होता. बोटामागे फरपटत येणारा चौकोन आणि बोटाला चिकटलेला चौकोन यांतला फरक कुणालाही दिसतो.

स्कॅनमध्ये एवढा वेळ जातो कुठे?

इथे जरा थांबून वाचा, पुढची निम्मी उत्तरं यावर उभी आहेत.

आयटीओची पट्टी म्हणजे तार नव्हे, रेझिस्टर आहे. समजा ७ इंची पॅनेलवर १५० मिमी लांब आणि ५ मिमी रुंद पट्टी आहे आणि आयटीओचा रोध चौरसाला १०० ओहम. लांबीत ३० चौरस बसतात, म्हणजे ३,००० ओहम. पट्टीची एकूण कपॅसिटन्स १०० पिकोफॅरड धरली तर टाइम कॉन्स्टंट, म्हणजे रोध गुणिले कपॅसिटन्स, ०.३ मायक्रोसेकंद येतो. व्होल्टेज एका टाइम कॉन्स्टंटमध्ये ६३ टक्के, तिनांत ९५ टक्के आणि पाचांत ९९.३ टक्के चढतं. म्हणजे एक पल्स नीट बसायला १.५ मायक्रोसेकंद. २५० किलोहर्ट्झच्या लहरीत अर्ध्या फेरीला २ मायक्रोसेकंद मिळतात, त्यामुळे काम भागतं.

एका पट्टीवर अशा ५० फेऱ्या मोजल्या तर २०० मायक्रोसेकंद, आणि २० पट्ट्या धरल्या तर ४ मिलिसेकंद. छान.

आता तीच रचना साधारण दुप्पट लांबीच्या १५ इंची पॅनेलवर न्या. लांबी दुप्पट झाली की रोध दुप्पट, कपॅसिटन्सही दुप्पट, म्हणून टाइम कॉन्स्टंट चौपट. बसायला ६ मायक्रोसेकंद लागले, तर लहर ८० किलोहर्ट्झवर आणावी लागते. पट्ट्याही ४० झाल्या. ५० फेऱ्यांचाच हिशोब धरला तरी स्कॅन २५ मिलिसेकंदांवर जातो, म्हणजे रिपोर्ट रेट ४० हर्ट्झ. ग्राहक म्हणतो, "मोठा पडदा घेतला, पैसे जास्त दिले, अन् हा तर सुस्त!" बरोबरच म्हणतो.

मग पल्स अर्धवट बसली तर काय बिघडतं? बेसलाइन तर वजा करतोच आपण.

प्रश्न हुशार आहे. बेसलाइन म्हणजे बोट नसतानाचा नेहमीचा आकडा, तो वजा करून बोटाचा सिग्नल काढतात. अर्धवट बसलेली पल्स दर वेळी तेवढीच अर्धवट असेल तर बेसलाइनमध्ये ती चूक खरोखर पचते. पण ड्राइव्हच्या जवळच्या टोकाला पल्स पूर्ण पोचते आणि लांबच्या टोकाला लंगडत पोचते. एकच बोट एका कडेला १०० एकक सिग्नल देतं आणि दुसऱ्या कडेला ६०. उंबरठा, म्हणजे ज्याच्या वर टच मानायचा तो आकडा, एकच ठेवला तर एक कड हुळहुळी, दुसरी बधिर. शिवाय तापमानाने रोध बदलला की अर्धवटपणाही बदलतो.

उपाय आहेत. पट्टी दोन्ही टोकांनी ड्राइव्ह केली तर लांबी निम्मी झाल्यासारखी होते आणि टाइम कॉन्स्टंट एक चतुर्थांशावर येतो. कडेला जागा जाते, पण मला हाच उपाय सगळ्यांत फायद्याचा वाटतो. आयटीओऐवजी बारीक धातूची जाळी वापरली तर रोध चौरसाला १० ओहमच्याही खाली जातो. मोठ्या पडद्यांत म्हणूनच ती दिसते.

जास्त वेळा मोजून सरासरी काढली की अचूकता वाढतेच ना?

वाढते, पण महाग पडते. नॉइज, म्हणजे नको असलेला विजेचा गोंगाट, यादृच्छिक असेल तर तो मोजण्यांच्या संख्येच्या वर्गमुळाने घटतो. नॉइज निम्मा हवा तर चौपट वेळ. या मार्गाने वेग विकून अचूकता विकत घेतली जाते. ड्राइव्ह व्होल्टेज दुप्पट केलं तर सिग्नल थेट दुप्पट होतो आणि वेळ अजिबात वाढत नाही. म्हणून चांगल्या कंट्रोलरमध्ये ३.३ व्होल्टच्या सप्लायवरूनही आत चार्ज पंप (व्होल्टेज वाढवणारं छोटं सर्किट) लावून ड्राइव्ह वर नेतात. वीज जास्त खाते, रेडिओ लहरींची गळती वाढते, तरी आधी हेच करून पाहा.

दोन्ही एकदम साधणारी खरी युक्ती म्हणजे सगळ्या पट्ट्या एकाच वेळी, वेगवेगळ्या संकेतांनी ड्राइव्ह करणं. मोंढ्यातला जुना दोन पारड्यांचा काटा आठवा. दोन पोती स्वतंत्र मोजली तर प्रत्येकात काट्याची पूर्ण चूक येते. त्याऐवजी पहिल्यांदा दोन्ही एका पारड्यात मोजा, दुसऱ्यांदा एक इकडे आणि एक तिकडे ठेवून फरक मोजा. बेरीज आणि फरकावरून दोन्ही वजनं निघतात. मोजणी दोनदाच झाली, पण प्रत्येक पोतं दोनदा मोजलं गेलं आणि चूक २ च्या वर्गमुळाने घटली. ही वजनांची कल्पना फ्रँक येट्स यांनी १९३५ मध्ये मांडली आणि हॅरल्ड हॉटेलिंग यांनी १९४४ मध्ये पुढे नेली. टच सर्किटमध्ये पोत्यांच्या जागी पट्ट्या येतात आणि इकडे-तिकडे पारड्यांच्या जागी सरळ आणि उलटी पल्स. हॅडामार्ड मॅट्रिक्सने, म्हणजे अधिक-उणे एकच्या ठरावीक कोष्टकाने, १६ पट्ट्या १६ वेळा अशा मोजल्या, तर तेवढ्याच वेळात नॉइज एक चतुर्थांश होतो, म्हणजे १२ डेसिबलचा नफा.

फुकट मात्र नाही. सगळ्या पल्स एका दिशेने पडल्या तर सेन्स अॅम्प्लिफायर छताला टेकतो. म्हणून अधिक-उण्याचा तोल असलेले संकेत निवडावे लागतात.

चार्जर लावला की स्क्रीनवर आपोआप टच पडतात. भुताटकी आहे का?

फोन मोबाइलच्या दुकानात जातो, दुकानदार डिस्प्ले बदलायला सांगतो, आणि बिचाऱ्याचे पैसे जातात. आधी चार्जर बदलून पाहा.

स्वस्त चार्जर आतल्या स्विचिंगमुळे फोनची अख्खी जमीन पृथ्वीच्या सापेक्ष वर-खाली हलवतो. फोनला स्वतःला ते कळत नाही, कारण त्याचे सगळे भाग एकत्र हलतात. तुम्ही मात्र अनवाणी शहाबादी फरशीवर उभे आहात, तुमचं शरीर स्थिर आहे. बोट टेकलं की त्याच जागी हलती जमीन आणि स्थिर शरीर यांच्यातला फरक सेन्स पट्टीत घुसतो. म्हणून खोटे टच कुठेही पडत नाहीत. खऱ्या बोटाखालची जी सेन्स पट्टी, तिच्याच सरळ रेषेत ते पडतात. अशी रेष दिसली की निदान झालं समजा.

सर्किटमध्ये उपाय असा: स्कॅनच्या मध्ये ड्राइव्ह बंद ठेवून नुसतं ऐकायचं. जो आवाज येईल तो नॉइज. दोन-तीन पर्यायी फ्रिक्वेन्सींवर ऐकून जिथे शांतता असेल तिथे उडी मारायची. मोजण्याची खिडकी जितकी लांब, तितका सर्किटचा कान अरुंद होतो. २०० मायक्रोसेकंदांची खिडकी साधारण ५ किलोहर्ट्झ रुंदीचा फ्रिक्वेन्सी-पट्टा ऐकते. अजून एक गोष्ट पुष्कळदा सुटते: डिमॉड्युलेशन, म्हणजे आलेल्या लहरीतून सिग्नल वेगळा काढणं, चौकोनी लहरीने केलं तर सर्किट तिसऱ्या आणि पाचव्या हार्मोनिकलाही, म्हणजे तिप्पट आणि पाचपट फ्रिक्वेन्सीलाही, कान देतं. १०० किलोहर्ट्झ शांत आहे म्हणून खूश व्हायचं आणि ३०० वरचा नॉइज मागच्या दाराने आत. साइन लहर किंवा कडांना उतार दिलेली खिडकी वापरा.

उलट, फोन गोधडीवर पडलेला असताना अंगठ्याने एकाच्या जागी दोन टच का लागतात?

कारण आता फोन पूर्ण तरंगता आहे, म्हणजे विजेच्या दृष्टीने कशालाच जोडलेला नाही. बोटाने उचललेला चार्ज शरीरातून फोनच्या जमिनीकडे परतायला वाट लागते. हातात धरला की तळहात ती वाट देतो, गोधडीवर ती तुटते. मग रुंद अंगठ्यात शिरलेला चार्ज शेजारच्या सेन्स पट्टीतूनच परत येतो, मधला सिग्नल खचतो आणि एका डोंगराची दोन शिखरं होतात. सेल्फ पद्धतीचं एक मोजमाप जोडीला घेतलं तर सर्किटला खरं कळतं.

डाळमिलमध्ये व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) सुरू झाला की पॅनेल वेडं होतं. सॉफ्टवेअर अपडेट देता का?

द्यायचो. मीही त्यात फसलो आहे. जालन्याकडच्या एका रोलिंग मिलमध्ये पंधरा दिवस उंबरठे आणि फिल्टर बदलत बसलो. शेवटी तिथल्या वायरमन काकांनी पॅनेलच्या धातूच्या चौकटीला हात लावला आणि म्हणाले, "याला अर्थिंग कुठंय?" चौकट रंगाच्या थरावर स्क्रूने बसवली होती, अर्थच्या वायरीशी तिचा संबंधच नव्हता. रंग खरवडला, दातेरी वॉशर घातला, जाड आणि आखूड वेणीची वायर जोडली. खोटे टच थांबले.

व्हीएफडीचं स्विचिंग काही किलोहर्ट्झवर असलं तरी त्याच्या कडा तीक्ष्ण असतात आणि हार्मोनिक्स शेकडो किलोहर्ट्झपर्यंत, म्हणजे नेमके टचच्या फ्रिक्वेन्सी-पट्ट्यात पोचतात. मोटरची केबल शील्ड असलेली घ्या, तिचं शील्ड अर्थ करा, टचची केबल तिच्या शेजारून नेऊ नका, पॅनेलला वेगळा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) द्या. एवढं करून उरेल त्यावर सॉफ्टवेअर बोलू.

पावसाचा थेंब किंवा फवारणीचं पाणी पडलं की?

तरंगता, म्हणजे बोटाला किंवा चौकटीला न टेकलेला, थेंब ड्राइव्ह आणि सेन्स पट्ट्यांना जोडणारा पूल होतो. पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (कपॅसिटन्स किती पट वाढते तो आकडा) सुमारे ८० आणि हवेचा १. बोटाने सिग्नल ज्या दिशेने जातो त्याच्या उलट दिशेने तो जातो. अडचण पुढे येते: घाईने शिकणारी बेसलाइन हा उलटा सिग्नलच "नेहमीचा" धरते. मग उपरण्याने थेंब पुसला की पुसलेल्या जागी टच उमटतो. उलट सिग्नल दिसला की बेसलाइन तिथे गोठवा. सेल्फ पद्धतीत सगळ्या पट्ट्या आणि शील्ड एकाच तालात हलवले तर सुटा थेंब जवळजवळ अदृश्य होतो. दोन्ही पद्धतींचं म्हणणं जुळलं तरच टच मानायचा. पूर्ण ओला पडदा मात्र पुसूनच वापरा.

मे महिन्यात दुपारी स्क्रीन चुकते, संध्याकाळी ठीक.

४२-४३ अंशांत उन्हातलं काळं पॅनेल हवेपेक्षाही खूप तापतं आणि कपॅसिटन्स, रोध, अॅम्प्लिफायर सगळेच सरकतात. बेसलाइनने हळूहळू मागोवा घ्यायचा असतो, आणि बोट टेकलेलं असताना मुळीच नाही. नाहीतर दाबून धरलेलं बटण दहा सेकंदांनी आपोआप सुटतं. दुसरी खोड: वीज येताना कुणाचा हात पडद्यावर असेल तर सर्किट त्या हातालाच बेसलाइन समजतं. लोडशेडिंगच्या भागात हे रोजचं आहे, त्यामुळे सुरुवातीच्या मोजणीची फॅक्टरीत साठवलेल्या आकड्यांशी तुलना करा.

पट्ट्या ४ मिमी अंतरावर आहेत, मग अर्ध्या मिमीची अचूकता कशी मिळते?

बोट तीन-चार पट्ट्यांवर पसरतं. समजा १०, ११ आणि १२ क्रमांकांच्या पट्ट्यांवर २०, १०० आणि ६० एकक सिग्नल आला. भारित सरासरी २०२० भागिले १८०, म्हणजे ११.२२. बोट अकराव्या पट्टीच्या ०.९ मिमी पुढे आहे. बाराव्या पट्टीत ५ एककांचा नॉइज आला तरी जागा जेमतेम ०.०८ मिमी सरकते. सिग्नल स्वच्छ असेल तर अचूकता आपोआप मिळते ती अशी.

कडेला मात्र शेजारची पट्टीच नसते, त्यामुळे उत्तर आत ओढलं जातं. आडतवाल्या मामांचं दुखणं हेच होतं, "सेव्ह" बटण अगदी काठाला होतं. आम्ही कडेसाठी दुरुस्तीचं कोष्टक घातलं आणि बटणही आत सरकवलं. दुसरा उपाय जास्त उपयोगी ठरला.

फिल्टर वाढवला की थरथर जाते, पण रेघ बोटामागे राहते.

नव्या आकड्याचा चौथा हिस्सा घेणारा साधा फिल्टर एकसारख्या हलणाऱ्या बोटामागे ३ नमुने राहतो. १०० हर्ट्झला ते ३० मिलिसेकंद. बोट सेकंदाला २० सेंमी धावत असेल तर रेघ ६ मिमी मागे. फिल्टरचा जोर बोटाच्या वेगावर ठेवा: थांबलेल्या बोटाला भरपूर, धावत्याला नाममात्र. धावत्या बोटाची थरथर कुणाला दिसत नाही.

कंट्रोलर वेगवान आहे, तरी मायक्रोकंट्रोलरपर्यंत डेटा उशिरा येतो.

आयटूसी बस, म्हणजे दोन चिपना जोडणारी दोन तारांची वाट, तपासा. जीटी ९११ सारखा कंट्रोलर ५ बोटांचे प्रत्येकी ८ बाइट देतो. ४० बाइट, दर बाइटला ९ बिट, म्हणजे ३६० बिट. १०० किलोहर्ट्झवर ३.६ मिलिसेकंद, ४०० वर ०.९. लायब्ररीत १०० तसंच पडलेलं असतं, कुणी बघत नाही. आणि दर २० मिलिसेकंदांनी विचारत बसण्यापेक्षा इंटरप्ट पिन जोडा.

कॉलेज प्रोजेक्टसाठी काय घ्यावं?

ईएसपी ३२ हा स्वस्त मायक्रोकंट्रोलर घ्या, मूळ चिपमध्ये १० टच पिना तयार आहेत. किंवा आर्डुइनोवर १ मेगाओहम रेझिस्टर लावून बोटाने चार्ज होण्याचा वेळ मोजा. रेझिस्टर मोठा केला की संवेदना वाढते आणि वेग पडतो, हे हाताने अनुभवता येतं. पीसीबीवर टच पॅडच्या मागे भरीव ग्राउंड ओतू नका, जाळीदार ठेवा, नाहीतर पॅडची मूळ कपॅसिटन्सच एवढी वाढते की बोट त्यात हरवतं.

स्क्रीनगार्डने फरक पडतो का?

पातळ आणि नीट चिकटलेल्याने फारसा नाही. खाली हवेचा फुगा राहिला तर पडतो.

सुधारणा झाली हे दाखवायचं कसं? बोटाने टकटक करून?

नको. ८ किंवा १० मिमी व्यासाचा पितळी दांडा अर्थ करून पडद्यावर ठेवा. टेकवलेला आणि न टेकवलेला अशा दोन्ही वेळचे काहीशे कच्चे आकडे नोंदवा. दोन सरासऱ्यांतला फरक भागिले प्रमाण विचलन, हा तुमचा सिग्नल-नॉइज गुणोत्तराचा आकडा. साध्या टच बटणाला तो निदान ५ हवा, जागा शोधणाऱ्या पडद्याला त्याच्या कितीतरी पट. हीच मोजणी चार्जर लावून, मोटर चालू करून आणि चारही कोपऱ्यांत करा. आमच्याकडे प्रत्येक पॅनेलचा हा कागद फाइलला लागतो. कोपऱ्याचा आकडा मधल्याच्या निम्म्याहून खाली असेल, तर पॅनेल युनिटच्या बाहेर जात नाही.